नव्या माध्यमाची भीती नेमकी कुणासाठी वाटते आपल्याला?

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी आज लिहायलाच बसलो.

मी एका शाळेच्या ग्रंथालय समितीवर पालक प्रतिनिधी आहे. गेल्या वर्षी मुलांसाठी चित्रकादंबऱ्या घ्यायचं ठरलं. ग्राफिक नॉव्हेल म्हणतात त्या. त्यातल्या एका पुस्तकात एक मुलगा वडिलांवर चिडतो आणि त्याच्या तोंडून शिवी जाते. एक चौकट, एक फुगा, एक शब्द. त्या एका फुग्यावर बैठकीत पाऊण तास चर्चा झाली. पुस्तक सगळ्यांनी वाचलं होतं, सगळ्यांना आवडलंही होतं, एका सरांना तर त्या प्रसंगात रडू आलं होतं. तरीही शेवटी ठरलं काय, तर पुस्तक ठेवायचं पण त्या फुग्यावर पांढरं स्टिकर चिकटवायचं. मीही हात वर केला, हे सांगायला हवं.

सहा महिन्यांनी ते पुस्तक सहज हातात घेतलं तर ते आपोआप त्याच पानावर उघडलं. बांधणी तिथेच मोडलेली. स्टिकरचे चारही कोपरे नखांनी उचकटलेले, आणि पान मागून उजेडाला धरून बघितल्याचे बोटांचे मळकट ठसे. बाकीची पानं जवळजवळ कोरी. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, मुलं त्या पुस्तकाचं नाव घेतच नाहीत, "ते स्टिकरवालं द्या" असंच म्हणतात. म्हणजे बापलेकाची इतकी सुंदर गोष्ट, आणि आमच्यामुळे मुलांच्या दृष्टीने ती फक्त एका शब्दाची गोष्ट झाली. मला खूप वाईट वाटलं.

त्याहून जास्त टोचलं ते वेगळंच. शेजारच्याच कपाटात तीच शिवी असलेल्या तीन-चार साध्या कादंबऱ्या आहेत, वर्षानुवर्षं आहेत, त्यांना कुणी हात लावला नाही. चित्र आलं आणि आम्ही घाबरलो! आणि बैठकीत आम्ही नऊ जण होतो, नऊही जणांनी तो शब्द वाचला होता, पण "मी बिघडलो" असं एकही जण म्हणाला नाही. "मुलांच्या हातात नको" एवढंच सगळे म्हणत होते.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतोय. १९६० साली लंडनमध्ये 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारलं होतं की हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकराने वाचावं असं तुम्हाला वाटेल का. तुम्ही वाचावं का, हे विचारलंच नाही! कारण ज्यूरीने तर ते वाचूनच निकाल द्यायचा होता. शिवाय पुस्तक काही नवं नव्हतं, नवी होती ती पेंग्विन प्रकाशनाची स्वस्त कागदी बांधणीची आवृत्ती, जी कुणालाही परवडणार होती. (पेंग्विन सुटली त्या खटल्यातून.)

मला असं वाटायला लागलंय की नव्या माध्यमाची भीती ही त्या माध्यमाची नसतेच फारशी, ती 'दुसऱ्या' वाचकाची असते. आपल्यापेक्षा कच्चा, भोळा, लगेच वाहवत जाणारा असा कुणीतरी. तुम्हाला काय वाटतं? तुमचे अनुभव, वाचन, विरोध, सगळं लिहा.

मुक्ता_वाचते

सुरेख लिहिलंय. बोटांचे ठसे डोळ्यासमोर आले.

बाराखडी

धागा आवडला. तुमच्या मुद्द्याला आपल्याच इतिहासातलं एक उदाहरण जोडते. १८७८चा देशी वृत्तपत्रांचा कायदा, व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. शाळेत एका ओळीत शिकवतात आणि पुढे जातात, पण त्यातली मेख बघा. हा कायदा फक्त देशी भाषांतल्या पत्रांना लागू होता, इंग्रजी पत्रांना नाही. सरकारवर तीच टीका इंग्रजीत छापली तर ती टीका, मराठीत किंवा बंगालीत छापली तर तो राजद्रोहाला चिथावणी देणारा मजकूर. म्हणून तर 'अमृत बझार पत्रिका' रातोरात इंग्रजी झाली.

म्हणजे मजकूर तोच, छापखानाही तोच, फक्त वाचणारे डोळे बदलले की कायदा बदलतो. इंग्रजी वाचणाऱ्याला विचार करता येतो आणि देशी भाषा वाचणारा नुसता भडकतो, हे त्या कायद्यात गृहीतच धरलं होतं. पुढचा व्हाइसरॉय रिपन याच्या काळात, तीन-चार वर्षांतच तो रद्द झाला, पण तो दृष्टिकोन काही रद्द झालेला दिसत नाही. आजही इंग्रजी पुस्तकात जे चालतं ते मराठीत आलं की लोकांना धक्का बसतो.

निशिगंध_०७

अगदी अगदी. शेवटच्या वाक्याला तर शंभर टक्के अनुमोदन.

तिसरी_घंटा

नाटकवाला आहे, त्यामुळे राहवत नाही. बाराखडी ताईंच्या मुद्द्याला पुढे नेतो.

खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ सालचं. विराटपर्वातली कथा, घराघरात माहीत असलेली. अख्ख्या नाटकात एकाही इंग्रजाचं नाव नाही, पण थिएटरात बसलेल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळत होतं की कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन आणि सैरंध्री म्हणजे आपला देश, भीम कोण आणि सबुरीचा सल्ला देणारा युधिष्ठिर कोण. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली. आता महाभारतावर बंदी घालता येते का? तीच कथा कीर्तनात चालू होती, पोथीत चालू होती. बंदी आली ती रंगमंचावर आल्यावर, कारण तिथे हजार माणसं एकाच क्षणी एकाच वाक्याला टाळी देतात, आणि टाळी देताना शेजारचाही टाळी देतोय हे प्रत्येकाला दिसतं. सत्तेला ही टाळी नको असते असं माझं मत आहे. घरी बसून एकट्याने वाचणाऱ्याची इतकी धास्ती वाटत नाही.

नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा १८७६चा, आणि तो केंद्राच्या कायदेपुस्तकातून जायला २०१८ साल उजाडलं. इंग्लंडातही काही वेगळं नव्हतं, तिथे १७३७ पासून १९६८ पर्यंत प्रत्येक नवं नाटक लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत आधी वाचायला द्यावं लागायचं.

मी स्वतः संहिता परीक्षणाला दिलेली आहे अनेकदा. परत येते तेव्हा कुठली वाक्यं कापली हे बघण्यापेक्षा कुठली ठेवली हे बघायचं. सगळ्यात बोचरी वाक्यं कधीकधी तशीच राहिलेली असतात कारण ती समजलेलीच नसतात, आणि जिथे काही नव्हतं तिथे लाल रेघ असते. एकदा माझ्या नाटकातला नुसता "साहेब" हा शब्द गेला. त्या शब्दावर अख्खा प्रवेश उभा होता हो. तालमीत नटाने तो गाळून बघितला तर समोरचा कुणाशी बोलतोय तेच कळेना.

काळा_कोट

कायद्याच्या बाजूने थोडं लिहितो कारण नव्या-जुन्या माध्यमांतला फरक तिथे अगदी उघडा दिसतो.

१९५० साली सर्वोच्च न्यायालयासमोर दोन प्रकरणं आली, रोमेश थापर आणि ब्रिजभूषण. दुसऱ्यात प्रश्न सरळ होता, वृत्तपत्राचा मजकूर छापण्याआधी सरकारला दाखवायची सक्ती करता येते का. न्यायालय म्हणालं नाही. (त्यानंतर वर्षभरात पहिली घटनादुरुस्ती आली आणि निर्बंधांची कारणं वाढवली गेली, तो वेगळा धागा होईल.) आता १९७० मध्ये या. ख्वाजा अहमद अब्बास त्यांच्या एका माहितीपटाला हवं ते प्रमाणपत्र मिळेना म्हणून न्यायालयात गेले, म्हणाले वृत्तपत्राला आधी दाखवायची सक्ती नाही मग सिनेमालाच का. न्यायालयाने सिनेमाची पूर्वतपासणी वैध ठरवली. कारण काय दिलं, तर चलच्चित्र इतर कुठल्याही कलाप्रकारापेक्षा भावना जास्त खोलवर हलवतं, विशेषतः लहान आणि वाढत्या वयातल्या मुलांच्या.

न्यायमूर्ती हिदायतुल्लांचा तो निकाल मी विद्यार्थी असताना वाचला तेव्हा पटला होता. आता पटत नाही. भावना हलवतं म्हणून एखादं माध्यम कमी स्वतंत्र, याचा अर्थ जो कलाकार आपलं काम जितकं चांगलं करेल तितका तो जास्त धोकादायक असा होतो.

अमेरिकेत तर १९१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, तो अभिव्यक्तीत मोडतच नाही असं म्हटलं होतं. ते मागे घ्यायला १९५२ उजाडलं. सदतीस वर्षं. तोपर्यंत सिनेमा काही नवा राहिलेला नव्हता, आणि घाबरायला टीव्ही आलेला होता.

शाईचा_डाग, तुमच्या 'दुसऱ्या वाचका'बद्दल सांगायचं तर तो कायद्यात चक्क लिहिलेला होता. अश्लीलता ठरवायची १८६८ची इंग्लंडातली हिक्लिन कसोटी. ज्यांची मनं अशा अनैतिक प्रभावांना खुली आहेत आणि ज्यांच्या हाती हे पडू शकेल, अशांना ते बिघडवेल का, हे बघायचं. म्हणजे समाजातला सगळ्यात कच्चा वाचक शोधायचा आणि त्याच्या मापाने सगळ्यांची पुस्तकं कापायची. आपल्याकडे ही कसोटी २०१४ पर्यंत टिकून होती.

उंबरठा

चर्चा छान चालली आहे पण मला मनापासून वेगळं वाटतं, आणि इथे सगळे एकाच बाजूला झुकताहेत म्हणून लिहिते.

मी वाढत्या वयातल्या मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते, चौदा वर्षं झाली. माझ्यासमोर येणारी मुलं 'काल्पनिक कच्चा वाचक' नाहीत, खरी आहेत. मागच्या महिन्यात एक मुलगी आली, पंधरा वर्षांची. वजन कमी करायचा एक व्हिडिओ तिने कधीतरी बघितला, त्यानंतर तिला तेच दिसत गेलं, रोज, तासन् तास. ती म्हणाली, "मी शोधत नव्हते ताई, ते येतच होतं." हे तुमच्या चित्रकादंबरीसारखं नाहीये. कॉमिक रात्री दोन वाजता स्वतःहून पुढचं पान उलटत नाही. त्याला हे माहीत नसतं की तुम्ही कुठल्या पानावर जास्त वेळ थांबलात.

त्यामुळे "पूर्वी लोक कादंबरीला घाबरायचे, रेडिओला घाबरायचे, आता फोनला घाबरतात, सगळं सारखंच" हे वाक्य मला फार आळशी वाटतं. राग मानू नका. माझ्या खोलीत रडणाऱ्या आईला मी हे वाक्य ऐकवू शकत नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी कंपन्यांना जाब विचारला.

पानगळ

उंबरठा ताई, तुमचा प्रतिसाद वाचून जरा थांबलो आणि मग ठरवलं की मला ज्या माणसाबद्दल सांगायचं होतं ते आता तुम्हालाच उद्देशून सांगावं, कारण तोही तुमच्यासारखाच मुलांसोबत काम करणारा होता आणि त्याचीही कळकळ खरी होती.

फ्रेडरिक वर्थम, अमेरिकेतला मानसोपचारतज्ज्ञ. लोक त्याला कॉमिक्सचा खलनायक म्हणून ओळखतात पण या माणसाने १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका चर्चच्या तळघरात कृष्णवर्णीयांसाठी नाममात्र फीचा दवाखाना काढला होता, जेव्हा बाकी दारं त्यांना बंद होती. वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याबद्दलची त्याची साक्ष डेलावेअरच्या ज्या खटल्यात झाली तो पुढे १९५४च्या त्या प्रसिद्ध निकालात सामील झाला ज्याने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. इतका चांगला माणूस. आणि त्याच दवाखान्यात येणारी मुलं कॉमिक्स वाचतात हे बघून त्याची खात्री पटली की मुलांच्या गुन्हेगारीला कॉमिक्सचा मोठा हातभार आहे. त्या काळात जवळपास सगळीच मुलं कॉमिक्स वाचायची, पण त्याच्यासमोर यायची ती अडचणीत सापडलेलीच मुलं.

१९५४ मध्ये त्याचं पुस्तक आलं, 'सिडक्शन ऑफ द इनोसंट', आणि त्याच वसंतात सिनेटच्या उपसमितीची सुनावणी. त्याच्याही आधी, १९४८च्या सुमारास, काही गावांत शाळकरी मुलांकडून कॉमिक्स गोळा करून त्यांच्या होळ्या झाल्या होत्या, पुस्तकं जाळणाऱ्या नाझींविरुद्धचं महायुद्ध संपून तीन वर्षं झालेली असताना. सुनावणीनंतर प्रकाशकांनी घाबरून स्वतःच एक संहिता केली, कॉमिक्स कोड. सरकारने बंदी घातलीच नाही, गरजच पडली नाही. शिक्का नसलेलं कॉमिक वितरक घेईना आणि दुकानदार ठेवीना.

आता खरी गोष्ट सांगतो. ईसी नावाच्या प्रकाशनाची एक छोटी विज्ञानकथा होती. पृथ्वीवरून एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला येतो. तिथे केशरी यंत्रमानव आणि निळे यंत्रमानव, आतून हुबेहूब एकसारखे, फक्त पत्रा वेगळ्या रंगाचा, पण निळ्यांना वेगळी वस्ती, कमी शिक्षण, हलकी कामं. तो बघतो आणि सांगतो की तुम्ही अजून आमच्यात यायला लायक नाही. यानात बसून परत निघतो, शिरस्त्राण काढतो, शेवटची चौकट, तो कृष्णवर्णीय आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावरच्या घामाच्या थेंबांत दूरचे तारे चमकताहेत. एवढंच. ही कथा १९५६ मध्ये पुन्हा छापायला घेतली तर कोडचे प्रशासक, स्वतः माजी न्यायाधीश, म्हणाले की हा माणूस कृष्णवर्णीय चालणार नाही. गेन्स हा प्रकाशक म्हणाला अहो कथेचा सगळा अर्थच तो आहे. मग म्हणाले बरं, निदान घामाचे थेंब काढा. गेन्सने फोनवर शिवी घातली आणि कथा आहे तशी छापली. ते त्याचं शेवटचं कॉमिक बुक, त्यानंतर थोड्याच काळात त्याच्याकडे फक्त 'मॅड' हे नियतकालिक उरलं.

बघा म्हणजे. वर्णभेदाविरुद्ध आयुष्य घालवलेल्या माणसाच्या भीतीतून जी यंत्रणा उभी राहिली तिने पहिल्या दोन वर्षांत काय पकडलं तर वर्णभेदाविरुद्धची कथा. वर्थमला हे नको होतं. त्याने कोड मागितलाच नव्हता, त्याला फक्त पंधरा वर्षांखालच्या मुलांना विक्री नको होती. पण एकदा कात्री तयार झाली की ती कुणाच्या हातात जाईल ते बनवणाऱ्याला ठरवता येत नाही.

आणि त्याची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाल्यावर कॅरल टिली नावाच्या प्राध्यापिकेने ती मुळापासून तपासली, २०१२ मध्ये तिचा निबंध आला. मुलांची वयं बदललेली, दोन मुलांचं बोलणं एकाच्या तोंडी घातलेलं, घरातली मारहाण किंवा शोषण गाळून फक्त कॉमिक्स ठेवलेलं. हे वाचलं तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. त्या मुलांनी त्याला सगळं खरं सांगितलं होतं हो. घरात काय होतंय ते सांगितलं होतं. त्याने कॉमिक्सबद्दलचं तेवढं ऐकलं.

मुक्ता_वाचते

पानगळ, शेवटच्या तीन वाक्यांसाठी तुम्हाला नमस्कार.

उंबरठा

पानगळ, दोनदा वाचलं. वयं बदलणं हा माझ्या व्यवसायात गुन्हा आहे, त्यावर काही बोलायलाच नको. आणि हो, त्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीतही घरात बरंच काही आहे, व्हिडिओ नंतर आला. ते मी वर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

पण तरीही माझा मुद्दा मागे घेत नाही. मजकूर काय आहे यावर मी बोलतच नाहीये. तो समोर आणून ओतणारं यंत्र, रात्रीच्या सूचना, कधीच न संपणारी यादी, याबद्दल बोलतेय. ते यंत्र कुणी कसं चालवायचं यावर नियम केले तर ती सेन्सॉरशिप होते का?

काळा_कोट

माझ्या मते नाही होत. "हे बोलू नका" आणि "मुलांचं वय माहीत असताना त्यांना रात्रभर जागवणारी रचना करू नका" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा दुसऱ्याच्या नावाने कायदा येतो आणि आत पहिलं असतं. आपल्याकडच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ आठवा, इंटरनेटवर त्रासदायक काही लिहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. 'त्रासदायक' म्हणजे काय ते कुठेच सांगितलेलं नाही. कागदावर तेच लिहिलं असतं तर गुन्हा नव्हता. २०१५ मध्ये न्यायालयाने ते रद्द केलं हे बरं झालं.

फ्लिपर

मी गेमिंगवाला. उंबरठा ताईंना एक सांगतो, दक्षिण कोरियाने २०११ला कायदा केला होता, सोळाखालच्या मुलांना रात्री बारा ते सहा ऑनलाइन गेम बंद. दहा वर्षं चालवला आणि मग स्वतःच काढून टाकला, तोपर्यंत पोरं मोबाईलवर गेलेली आणि तो कायदा प्रामुख्याने कॉम्प्युटरवरच्या गेम्ससाठी होता. म्हणजे कायदा येईपर्यंत घाबरायची गोष्टच बदललेली असते.

पण मला खरं सांगायचंय ते पिनबॉलबद्दल. हो पिनबॉल, ते खटके दाबून गोळी वर उडवायचं मशीन! न्यूयॉर्कमध्ये १९४२ पासून १९७६ पर्यंत बंदी होती त्यावर. महापौर ला गार्डिया स्वतः घण घेऊन मशीन फोडताना फोटो काढून घ्यायचे. कारण सांगितलं जायचं की हा जुगार आहे, नशिबाचा खेळ आहे, पोरांच्या खिशातली नाणी लुटतो. आणि सुरुवातीला त्यात तथ्यही होतं, तेव्हाच्या मशीनला खालचे फ्लिपरच, म्हणजे गोळी उडवणारे खटकेच, नव्हते, ते १९४७ला आले. गोळी सोडायची आणि बघत बसायचं. पण फ्लिपर आल्यावर खेळ बदलला आणि बंदी तशीच राहिली, कुणी परत येऊन मशीन बघितलंच नाही.

मग १९७६ला रॉजर शार्प नावाच्या पत्रकाराला नगर परिषदेच्या सुनावणीत मशीनसकट उभं केलं. तो खेळत होता, परिषदेतली माणसं बघत होती, कुणाला फारसं पटत नव्हतं. तर त्याने बोट दाखवून सांगितलं की आता मी गोळी सोडतो ती वरच्या मधल्या फटीतून जाईल. प्लंजर ओढला, सोडला, गोळी वर गेली आणि बरोब्बर मधल्या फटीतून खाली! बंदी उठली. चौतीस वर्षांची बंदी एका गोळीने. तो स्वतः नंतर म्हणालाय की त्यात नशीबही होतं.

मला हा किस्सा यासाठी महत्त्वाचा वाटतो की त्या खोलीत पहिल्यांदाच निर्णय घेणाऱ्या लोकांनी ती गोष्ट जवळून बघितली. माझ्या शाळेत गेम्सविरुद्ध व्याख्यान द्यायला आलेल्या पाहुण्यांना मी विचारलं होतं की सर तुम्ही यातला कुठला खेळलाय, तर मला वर्गाबाहेर काढलं. आजही राग येतो.

निशिगंध_०७

फ्लिपर, तो प्रश्न अगदी योग्य होता. बाहेर काढायला नको होतं तुम्हाला.

जुना_रेडिओ

आकाशवाणीच्या नाही पण एका रेडिओ केंद्रावर उमेदवारी केलेला माणूस आहे मी, म्हणून दोन गोष्टी, एकमेकींच्या उलट्या.

पहिली. ३० ऑक्टोबर १९३८ला अमेरिकेत ऑर्सन वेल्सने मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नभोनाट्य बातम्यांच्या ढंगात सादर केलं आणि देशभर लोक घाबरून रस्त्यावर धावले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. त्या रात्रीच्या श्रोतेपाहणीत फोनवर विचारलेल्यांपैकी सुमारे २ टक्के लोक ते ऐकत होते. घाबरलेली माणसं होती, नाही असं नाही, पण देशव्यापी गोंधळ मुख्यतः दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत झाला. आणि वर्तमानपत्रांच्या जाहिराती त्या काळात रेडिओकडे चालल्या होत्या. नवं माध्यम बेजबाबदार आहे हे सांगण्यात जुन्या माध्यमाचा फायदा असतो. आज टीव्हीवर रात्री मोबाईलच्या दुष्परिणामांवर चर्चा लागते तेव्हा मला हे आठवतं.

दुसरी. रवांडा. १९९३ मध्ये आरटीएलएम नावाचं खासगी केंद्र सुरू झालं. तरुण निवेदक, उत्तम संगीत, लोकांच्या बोलीत गप्पा, सगळ्यांचं आवडतं. आणि १९९४ मध्ये, तुत्सींच्या वंशसंहाराच्या वेळी, त्याच गप्पांच्या आवाजात माणसांची नावं, ते कुठे लपलेत ती ठिकाणं, गाड्यांचे नंबर वाचले गेले, आणि ती माणसं मारली गेली. मी रेडिओवर जीव लावला आहे आणि हे लिहिताना माझा हात जड होतो. तेव्हा "माध्यमाची भीती ही नेहमी खोटीच" असं कृपा करून कुणी म्हणू नका.

शाईचा_डाग

जुना_रेडिओ काका, मूळ लेखात मी "माध्यमाची नसतेच फारशी" असं लिहिलं ते घाईचं झालं. मान्य.

पण तुमच्या उदाहरणातून एक प्रश्न पडला. रवांडात लोकांना त्या रेडिओची भीती वाटत होती का? माझ्या वाचनात तरी उलट आहे, त्यावर विश्वास होता. सत्तेजवळच्याच माणसांचं केंद्र होतं ते. म्हणजे जिथे सेन्सॉरने काही करायला हवं होतं तिथे सेन्सॉर करणाऱ्यांचाच तो आवाज होता.

काळा_कोट

हेच लिहायला आलो होतो. आणि त्याचा निवाडा कसा झाला तेही बघा. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये त्या केंद्राच्या संस्थापकांना दोषी ठरवलं, नावानिशी, उघड सुनावणीत, त्यांच्या ध्वनिफिती पुरावा म्हणून वाजवून. २००७ मध्ये अपिलात काही आरोपांवरची दोषसिद्धी रद्दही झाली. कोण काय बोललं आणि त्याने काय घडलं, हे जोडून दाखवावं लागलं. बंद खोलीत बसून "याने कुणीतरी बिघडेल" म्हणत शब्द कापणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खरा धोका असेल तर तो सिद्ध करता येतो.

जुना_रेडिओ

सिद्ध होईपर्यंत माणसं गेलेली असतात, वकीलसाहेब.

काळा_कोट

हो. याला माझ्याकडे उत्तर नाही.

अनुस्वार

कुणी सॉक्रेटिसला आणलं नाही अजून! लेखनकलेमुळे स्मरणशक्ती जाईल असं तो म्हणाला होता.

बाराखडी

अनुस्वार, म्हणाला खरं, म्हणजे प्लेटोने 'फीड्रस'मध्ये त्याच्या तोंडी ते घातलंय. पण तिथे तो लेखनावर बंदी मागत नाही. लिहिलेलं अक्षर प्रश्न विचारला तर उत्तर देत नाही, कुणाशी बोलावं कुणाशी नाही हे त्याला कळत नाही, एवढीच तक्रार आहे, आणि ती मला तरी अजून खरी वाटते. कवींच्या कोणत्या कथा मुलांना सांगायच्या नाहीत याची यादी प्लेटो करतो ती 'रिपब्लिक'मध्ये. एकाच लेखकात दोन्ही आहेत, तक्रार करणारा आणि कापणारा. लोक पहिल्याला नावं ठेवतात.

तिसरी_घंटा

वा. हा फरक मला कधी सुचला नव्हता. उंबरठा ताई पहिल्या प्रकारात आहेत असं मला त्यांचं सगळं वाचून वाटतं.

उंबरठा

धन्यवाद तिसरी_घंटा. मला स्वतःलाही आज थोडं स्पष्ट झालं. सोळाखालच्या बंदीबद्दल मी वर जितकी ठाम होते तितकी आता नाहीये, कारण माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी दोघं-तिघं अशी आहेत ज्यांना त्यांच्यासारखी माणसं फक्त तिथेच भेटली. त्यांचं काय, हे मी विचारात घेतलं नव्हतं. रात्रीच्या सूचना आणि न संपणारी यादी यावर मात्र मी भांडत राहणार.

पानगळ

शाईचा_डाग, त्या पुस्तकाचं पुढे काय झालं?

शाईचा_डाग

अजून कपाटात आहे, स्टिकरसकट. पुढच्या मंगळवारी समितीची बैठक आहे. मी ते पुस्तक सोबत नेणार आहे आणि काही न बोलता टेबलावर ठेवून ते कुठल्या पानावर उघडतं ते सगळ्यांना बघू देणार आहे. फ्लिपरचा किस्सा वाचून हे सुचलं. आणि एक विनंती करणार आहे की यापुढे अशा बैठकीला आठवी-नववीतली दोन मुलं असावीत, ज्यांनी पुस्तक वाचलंय अशी.

फक्त एक अडचण आहे. स्टिकर काढायला गेलो तर खालचं चित्र सोलून निघेल अशी भीती वाटते. गुळगुळीत कागद आहे. कुणाला काही उपाय माहीत आहे का?

मुक्ता_वाचते

मी पुस्तकबांधणीचं काम करते. ओढू नका अजिबात. हेअर ड्रायर मंद आचेवर ठेवून वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट गरम हवा द्या, डिंक मऊ पडतो. मग कोपऱ्याखाली बोथट सुरी किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड सरकवा आणि स्टिकर वर न ओढता पानाला समांतर मागे दुमडत न्या. अडकलं की थांबा, पुन्हा हवा द्या. चिकटपणा राहिला तर खोडरबर हलक्या हाताने. मुलांनी कोपरे आधीच सोडवलेत ना, अर्धं काम झालेलं आहे.